कोयता घेऊन निघण्याआधी शाळेत एक चक्कर मारा : लेकरांच्या परीक्षा, फॉर्म आणि कागदपत्रांची माहिती

दसरा तोंडावर आलाय. उचल घेऊन झाली, मुकादमाचे फोन सुरू झालेत. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून महिनाभरात गाड्या भरून निघतील. घरी राहतील आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी लेकरं. माघारी यायचं ते पाडव्याच्या आसपास.

आणि नेमक्या याच पाच-सहा महिन्यांत सरकारी शाळेतल्या लेकरांच्या बऱ्याच महत्त्वाच्या तारखा येऊन जातात. आठवीची एनएमएमएस परीक्षा, पाचवीची नवोदय, दहावी-बारावीचे बोर्डाचे फॉर्म, बारावीवाल्यांचे सीईटीचे फॉर्म, सगळं याच काळात. आई-बाप फडावर, फोनला रेंज नाही, आणि घरी आजीला वाचता येत नाही. फॉर्मची तारीख निघून गेली की ती त्या वर्षापुरती गेली. काही परीक्षा तर जन्मात एकदाच देता येतात. म्हणून कोणत्या वर्गाला काय असतं आणि निघण्याआधी काय करून ठेवायचं, ते इथं एका जागी देतोय. जे ऊसतोडीला जात नाहीत त्यांनाही हे तेवढंच लागू आहे.

माहिती शाळेत येते, पण घरापर्यंत का येत नाही?

बहुतेक परीक्षांचे फॉर्म आता ऑनलाइन आहेत. त्यातले काही शाळेच्या लॉगिनवरूनच भरले जातात, पालकाला भरताच येत नाहीत. परिपत्रक मुख्याध्यापकांकडे येतं, ते शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्या ग्रुपवर सकाळचे सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि खिचडीचे फोटो यांच्याखाली ती पीडीएफ दबून जाते. कित्येक घरांत ग्रुपवर जो नंबर आहे तो बंद पडलेल्या सिमचा असतो. दोन शिक्षकी शाळेत गुरुजींकडेही शिकवण्यासोबत ऑनलाइन माहिती भरायची कामं ढीगभर असतात. एकेका पालकाच्या दारात जाऊन ते सांगणार कधी? त्यामुळं विचारणाऱ्याचं काम होतं आणि न विचारणाऱ्याचं राहून जातं.

चौथी-पाचवी : नवोदय आणि शिष्यवृत्ती

जवाहर नवोदय विद्यालय बहुतेक जिल्ह्यांत असतं, आपल्याकडचं गेवराई तालुक्यात गढीला आहे. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण तिथंच. ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या लेकरांसाठी, आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी. फॉर्मला पैसे लागत नाहीत. परीक्षा पाचवीत असताना द्यायची आणि ती एकदाच देता येते. पेपर २ तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण.

फॉर्म साधारण पावसाळ्यात भरले जातात आणि परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. म्हणजे ज्यांचं लेकरू आज चौथीत आहे त्यांनी पुढच्या जूनपासूनच शाळेत विचारणा सुरू ठेवायची. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी हे तिन्ही वर्ग मान्यताप्राप्त ग्रामीण शाळेत पूर्ण झालेले लागतात. त्यामुळं लेकराला मध्येच शाळा सोडायला लावून सोबत फडावर नेलं, तर नुसता अभ्यास बुडत नाही, हा हक्कही हातचा जाऊ शकतो. शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे निघायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारा. लेकरं गावातच राहून शिकावीत, यासाठीच ती सोय आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचं एक लक्षात ठेवा. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती, मग पाचवी आणि आठवीला गेली, आणि आता शासनाने ती परत चौथी-सातवीला आणली आहे. थोरल्यानं पाचवीत दिली होती म्हणून धाकट्याच्या वेळी पाचवीची वाट बघत बसाल तर संधी जाईल. घरात चौथीचं किंवा सातवीचं लेकरू असेल तर याच वर्षी विचारा.

आठवी : चार वर्षांचे ४८,००० रुपये

एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. यात निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे झाले ४८,०००. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात.

कोण बसू शकतं? जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारं लेकरू. सातवीला किमान ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको. विनाअनुदानित खासगी शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि शासनाच्या निवासी शाळांना ही योजना नाही.

परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरात. फॉर्म दसरा-दिवाळीच्या आगेमागे शाळेच्या लॉगिनवरून भरला जातो. पेपर दोन, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय, प्रत्येकी ९० गुणांचे. दोन्ही मिळून ४० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ३२ टक्के. त्यानंतर गुणवत्ता यादी लागते.

खरा घोळ होतो तो यादी लागल्यावर. नाव आलं, गुरुजींनी हार घातला, फोटो ग्रुपवर आला, आणि घरच्यांना वाटतं झालं काम. तसं नाही. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंदणी करून वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो शाळेनं आणि त्यानंतर जिल्ह्याच्या पातळीवर तपासला पाहिजे. आणि दहावी, अकरावी, बारावीत दर वर्षी तो नव्यानं चालू ठेवावा लागतो, त्याला रिन्यूअल म्हणतात. आठवीनंतर लेकरू दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातं. जुन्या शाळेला वाटतं आता नवी शाळा बघेल, नव्या शाळेला हे लेकरू निवड झालेलं आहे हेच माहीत नसतं. यात फॉर्मची मुदत निघून जाते आणि परीक्षा पास होऊनही हातात रुपया येत नाही. म्हणून नववीत नाव घालतानाच नव्या मुख्याध्यापकांना सांगा की आमचं लेकरू एनएमएमएसला लागलेलं आहे. निकालाची प्रत सोबत द्या.

अजून तीन अटी. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५. अकरावी विनाअनुदानित कॉलेजात घेतली तर शिष्यवृत्ती थांबते. दहावीनंतर डिप्लोमा किंवा आयटीआयला गेलं तरी थांबते. म्हणून तिकडं जाऊच नये असं नाही, पण हिशोब आधी माहीत असावा.

मराठा-कुणबी समाजातली लेकरं परीक्षेत पात्र ठरली पण केंद्राच्या यादीत नाव आलं नाही, तर सारथी संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. यादीत नाव नाही म्हणून निकालाचा कागद फेकून देऊ नका.

दहावी : अकरावीचा प्रवेश आता सगळीकडे ऑनलाइन

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश पूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे. आधी गावाजवळच्या कॉलेजात मार्कशीट घेऊन गेलं की नाव लागायचं, तसं आता नाही. फॉर्मचे दोन भाग असतात, एकात माहिती आणि दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. १० कॉलेजं देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका जिथं लेकरू खरंच जाणार आहे. एसटी जाते का, मुलीला येणं-जाणं जमेल का, ते अनुदानित आहे का, हे घरात बसून ठरवा. नेट कॅफेवाल्याला ठरवू देऊ नका.

पॉलिटेक्निक आणि आयटीआयचे फॉर्म वेगळे असतात, तेही निकालाच्या आसपासच सुरू होतात. या दोन्हींचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. अकरावीसोबत तेही भरून ठेवता येतात.

बारावी : निकालाची वाट बघत बसू नका

आपल्याकडं अजून खूप जणांना वाटतं की बारावीचा निकाल लागला की मग पुढचं बघू. इंजिनीअरिंग, फार्मसी, बी.एस्सी. अ‍ॅग्री यांच्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, आणि तिचे फॉर्म बारावीचं वर्ष चालू असतानाच, हिवाळ्यात भरले जातात. परीक्षा एप्रिल-मे मध्ये. मेडिकलला नीट लागते. बीबीए, बीसीएलाही २०२४ पासून सीईटी आहे. निकालानंतर जागं झालं तर वर्ष हातचं गेलं.

मुलींच्या बापांनी हे नीट वाचावं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. फी झेपणार नाही म्हणून पोरीचं लग्न ठरवण्याआधी हा नियम कॉलेजात जाऊन विचारून घ्या.

कागदपत्रं : जूनमध्ये धावपळ नको

दाखल्यांसाठी जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो. त्याआधीच पुढची कामं उरका.

१. आधार आणि शाळेतलं नाव एकच आहे का बघा. शाळेत बापाचं नाव बाळू आणि आधारवर बाळासाहेब, असं असलं की ऑनलाइन फॉर्म अडतो. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी करून घ्या, नंतर फार किचकट होतं. आधारवर बोटांचे ठसे ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर नव्यानं द्यावे लागतात.

२. लेकराच्या नावाचं बँक किंवा पोस्टाचं खातं काढा आणि ते आधारशी जोडून घ्या.

३. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर नव्या वर्षाचा काढा.

४. जातीचा दाखला नववी-दहावीतच काढा. त्याला जुना पुरावा लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा यासाठी चालतो. आजोबा हयात आहेत तोवर त्यांची शाळा कोणती, हे विचारून लिहून ठेवा.

५. बारावीनंतर राखीव जागेवर इंजिनीअरिंग-मेडिकलला जायचं असेल तर जात पडताळणी लागते. तिला वेळ लागतो. बारावीत असतानाच कॉलेजातून अर्ज करा.

विचारायचा हक्क कायद्यात आहे

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. खूप गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. बैठकीत एकच ठराव करा. दर महिन्याला कोणत्या वर्गाचा कोणता फॉर्म सुरू आहे आणि शेवटची तारीख काय, हे शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूनं लिहायचं. याला पैसा लागत नाही.

निघण्याआधी एवढं करा

शाळेत जाऊन तुमचा चालू नंबर द्या, आणि गावात मागे राहणाऱ्या एखाद्या शिकलेल्या नातेवाइकाचा, मामा-काकाचा, दुसरा नंबर द्या. आधार, पासबुक, दाखले यांच्या झेरॉक्स आजी-आजोबांकडे एका पिशवीत ठेवा आणि फोटो काढून स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवा. गुरुजींना किंवा मॅडमला विनंती करा की महत्त्वाचं असेल ते ग्रुपवर बोलून पाठवा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येईल. आणि फडावर असताना महिन्यातून एक फोन शाळेत लावा. विचारायचं एवढंच, "सर, आमच्या लेकराच्या वर्गाचा कोणता फॉर्म चालू आहे का?"

आठवीत लेकरू असलेल्यांनी मात्र गाडीत बसायच्या आधीच एनएमएमएसचा फॉर्म भरला का ते विचारावं. भरून झाला असेल तर त्याची प्रिंट मागून घ्या.