मुल्हेर : एका ऐतिहासिक सीमावर्ती गावाचा उत्कर्ष व ऱ्हास

कळवणच्या उत्तरेस, बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या खोऱ्यात वसलेले मुल्हेर हे आज गुजरात सीमेजवळचे लहान गाव आहे. मध्ययुगात मात्र ते बागुल राजांची राजधानी होते. गुजरात व दख्खन यांना जोडणारा व्यापारी मार्ग बागलाणातून जात असल्याने या छोट्या राज्यास मोठे महत्त्व प्राप्त झाले. नारायणशहा राजाच्या आश्रयाने रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेर जिंकले व बागुलांचे राज्य लयास गेले.

१९६० च्या राज्यनिर्मितीने मुल्हेरजवळ पुन्हा सीमा आली; गतवैभव मात्र परतले नाही. यावरून अशा गावांचा उत्कर्ष केवळ सीमेमुळे नव्हे, तर मार्गावरील नियंत्रणामुळे होतो, हे स्पष्ट होते. राजसत्ता लोपली, तरी उद्धव महाराजांच्या समाधिस्थानामुळे व कोजागरीच्या रासक्रीडेमुळे मुल्हेरची सांस्कृतिक ओळख टिकून आहे.