दोन मिनिटांपुढचा काळ

कालयंत्राच्या गोष्टींचे आपल्याला आता फारसे नवल उरलेले नाही. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली निघाली, आणि तेव्हापासून कथांतले नायक हजारो वर्षे मागेपुढे हिंडत आले आहेत. पण अवघी दोन मिनिटे पुढे डोकावणारा नायक आपण पाहिला आहे काय? जपानातील क्योतो शहराच्या एका नाटकमंडळीने २०२० साली तो पडद्यावर आणला. इंग्रजीत या चित्रपटाला ‘बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स’ म्हणतात. लांबी जेमतेम सत्तर मिनिटांची आणि चित्रण मोबाईलवर केलेले.

मंडळीचे नाव ‘युरोप किकाकू’. १९९८ साली दोशिशा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांतून ती उभी राहिली. माकोतो उएदा हे तिचे नाटककार; या चित्रपटाची कथा त्यांची आणि दिग्दर्शन जुंता यामागुची यांचे. काळाशी खेळण्याची खोड उएदांना जुनीच. त्यांच्या ‘समर टाइम मशीन ब्लूज’ या नाटकात कालयंत्र हाती लागलेले विद्यार्थी त्याचा उपयोग कशासाठी करतात, तर वातानुकूलन यंत्राचा बिघडलेला रिमोट काल जाऊन शाबूत आणण्यासाठी!

इथेही मामला तसाच घरगुती. कातो नावाचा गृहस्थ एक छोटा कॅफे चालवतो आणि वरच्या मजल्यावर राहतो. रात्री दुकान आवरून तो गिटार घेऊन बसतो, तर तार छेडायची पट्टी सापडत नाही. इतक्यात समोरच्या पडद्यावर त्याचाच चेहरा उमटतो आणि म्हणतो, मी तूच आहे, दोन मिनिटांनंतरचा. पट्टी अमुक ठिकाणी आहे. पट्टी मिळते. मग हा धावत खाली जातो आणि कॅफेतल्या पडद्यासमोर उभा राहून वरच्या मजल्यावरील ‘मघाच्या’ स्वतःला तेच शब्द ऐकवतो. ते ऐकवणे आता त्याला भागच असते.

मित्र जमतात. दोन्ही पडदे समोरासमोर मांडले की प्रतिबिंबात प्रतिबिंब दिसून चार, सहा, आठ मिनिटांपुढचेही दिसेल, अशी शक्कल निघते. ड्रॉस्टे या डच कोकोच्या डब्यावरील परिचारिकेच्या हातात तोच डबा, त्यावर पुन्हा तीच परिचारिका, अशी चित्रांची साखळी असते. चित्रपटाच्या जपानी नावात हा ड्रॉस्टे आहेच.

मला, एका गाणेमास्तराला, या खेळात लय दिसली. अतिविलंबित एकतालात मात्रेला पाच सेकंद धरले, तर बारा मात्रांचे आवर्तन साठ सेकंदांचे होते. म्हणजे ही दोन मिनिटे बरोबर दोन आवर्तनांची! चित्रण सारे एकसलग भासेल असे. पडद्यातला ‘मी’ एक वाक्य बोलतो, आणि दोन मिनिटांनी जिवंत नटाला तेच वाक्य, त्याच विरामांसह, त्याच जागी आणावे लागते. एक जण अर्धी मात्रा चुकला तरी सारा डोलारा कोसळणार. हे काम तालमीत मुरलेल्या नाटकवाल्यांनाच साधावे.

चित्रपटाचा प्राण मात्र एका छोट्या प्रसंगात आहे. शेजारच्या मेगुमीला कातोने कार्यक्रमाचे आमंत्रण द्यावे असा मित्रांचा आग्रह असतो. पडद्यातला कातो हसतमुखाने सांगतो, ‘जमले!’ हा जातो. ती नकार देते. आता दोन मिनिटे भरत आलेली. पडद्यासमोर उभा राहून हा काय सांगणार? जे ऐकले तेच सांगावे लागणार, नाहीतर काळाचा मेळ बिघडेल, ही धास्ती. मन मोडलेले असताना तो चेहऱ्यावर हसू आणतो आणि स्वतःलाच खोटे सांगतो, ‘जमले!’ आपण हसतो खरे, पण ते हसू घशात अडकते.

माझे वडील दरबारचे गवई. तालीम देताना सम दिसते आहे म्हणून तिच्याकडे धावणाऱ्या शिष्याला ते थांबवीत. सम कुठे आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. तिथे कसे पोहोचायचे, हे गाणाऱ्याच्या हाती. कातोच्या मित्रांची गत उलटी. एकदा पुढचे दिसले की ते बिचारे त्याचे हुकमाचे ताबेदार होतात. कोणी बांधलेले नसते, तरी बांधल्यासारखे वागतात. हल्ली परीक्षेसाठी ताना लिहून पाठ करणारी मुले माझ्याकडे येतात. त्यांची मला त्या वेळी फार आठवण झाली.

उत्तरार्धात गुंड येतात, पैशांची भानगड येते, भविष्यकाळाचे शिपाईही येतात. हा भाग मला थोडा उसना वाटला. कॅफेतली गंमत अधिक अस्सल होती. पण शेवटी कातो आणि मेगुमी यांच्यापुढे जो पेच उभा राहतो, तो पुन्हा मूळ प्रश्नालाच येऊन भिडतो. तो इथे सांगत नाही. पाहणाराचा आनंद हिरावू नये.

याच जोडीने २०२३ साली ‘रिव्हर’ काढला. क्योतोजवळच्या किबुने येथील नदीकाठच्या एका जुन्या निवासात तीच दोन मिनिटे पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि मागचे स्मरण मात्र सर्वांना असते. दोन्ही चित्रपट पाहायचे झाल्यास कॅफेचा आधी पाहावा.