तंबाखूचे मळे आणि कायद्याने घडवलेली गुलामी

वसाहतकालीन अमेरिकेत उत्तरेला छोटी शेती आणि दक्षिणेला गुलामांचे मळे, हा फरक हवापाण्यानेच ठरवला असे सर्रास सांगितले जाते. व्हर्जिनियाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. तिथल्या तंबाखूला सतत माणूस लागे: रोपे लावायची, शेंडे खुडायचे, पानांवरच्या अळ्या हाताने वेचायच्या, पाने कोठारात टांगून वाळवायची आणि पिंपांत ठासून भरायची. सतराव्या शतकात बराच काळ हे काम मुख्यतः गरीब इंग्रज करारबद्ध मजूर करत. जहाजभाड्याच्या बदल्यात साधारण ४ ते ७ वर्षे राबत. पीक तेच राहिले, ऊनही तेच. राबणारे हात मात्र पुढे बदलले: करारबद्ध मजुरांच्या जागी गुलाम आले.

हा बदल कायद्याने पक्का झाला. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला, म्हणजे गुलाम आईचे मूल जन्मतःच गुलाम. १७०५ च्या कायद्याने हा फास आणखी आवळला. इंग्लंडहून येणारे मजूर घटल्याने मळेवाल्यांचा नाइलाज झाला, असे कोणी म्हणेल. घट खरी होती. पण टंचाईमुळे फार तर मजुरी वाढवावी लागते, न जन्मलेल्या बाळावर मालकी सांगावी लागत नाही. शिवाय उत्तरेकडच्या थंड ऱ्होड आयलंडचे व्यापारीही गुलामांच्या व्यापारात होतेच. म्हणून या अन्यायाचा दोष हवेला नव्हे, माणसांच्या निर्णयांना द्यायला हवा.