हवेचा नकाशा आणि गणितयंत्र

पावसाळा तोंडावर आला म्हणजे वेधशाळेची थट्टा करण्याचा हंगामही सुरू होतो. "वेधशाळेनें पाऊस सांगितला ना? मग छत्री घरींच राहूं द्या," हा विनोद आपल्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. थट्टेस आमची हरकत नाहीं. परंतु ज्या भाकिताची थट्टा करावयाची तें तयार कसें होतें हें ठाऊक असलें, तर थट्टाही अधिक मार्मिक होईल. शिवाय आतां घरोघर भ्रमणध्वनीवर पावसाचे आंकडे तासातासाला दिसूं लागले आहेत. ते वाचावे कसे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. पेरणी, प्रवास, मुलांची शाळा आणि क्वचित्‌ माणसांचे प्राणही त्यावर अवलंबून असतात.

आपल्याकडील जुनी पद्धति पूर्वचिन्हांची. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांचा 'गर्भ' वर्णिला असून गर्भधारणेपासून १९५ दिवसांनीं वृष्टि होते असा हिशेब दिला आहे. पंचांगांतील पर्जन्यनक्षत्रांचीं बेडूक, म्हैस, हत्ती हीं वाहनें तर आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असतात. या पद्धतींत निरीक्षक एका जागीं उभा राहून आकाश पाहतो. आधुनिक पद्धतीचें मर्म वेगळें आहे. अनेक ठिकाणच्या निरीक्षकांनीं एकाच वेळीं पाहिलेलें सारें एका कागदावर आणावयाचें. तिला 'सिनॉप्टिक' म्हणतात तें याच कारणानें. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र पाहणें' असाच आहे. विजेची तार निघाली तेव्हां कोठें हें साधलें, कारण वादळाची बातमी वादळाच्या आधीं पोंचावी लागते. हिंदुस्थानांत हवामानखातें १८७५ सालीं निघालें. १९२८ सालीं त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली व पुढें १९४४ सालीं दिल्लीस गेली.

नकाशा वाचणें फारसें अवघड नाहीं. प्रत्येक ठाण्याच्या जागीं लहानसें वर्तुळ असतें. आकाश जितकें ढगांनीं झांकलेलें, तितकें तें भरलेलें. वर्तुळास जोडलेली काडी वारा कोणत्या दिशेकडून येतो तें दाखविते. तिच्यावरील पूर्ण रेघ म्हणजे दहा नॉट वेग, अर्धी म्हणजे पांच. मग सारख्या दाबाचीं ठिकाणें रेषांनीं जोडतात, त्या समभाररेषा. त्या जेथें दाटीनें येतात तेथें वारा जोराचा. डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यानें १८५७ सालीं मांडलेला नियम घरीं करून पाहण्यासारखा आहे. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें, कीं कमी दाब डाव्या हातास असतो. जुलै महिन्यांत पुण्याच्या गच्चीवर पश्चिमेच्या वाऱ्यास पाठ द्या. डावा हात उत्तरेकडे येईल. राजस्थानापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरणारा पावसाळी कमी दाबाचा पट्टा त्याच अंगास असतो.

पण नकाशा आजचें सांगतो, उद्यांचें नव्हे. पूर्वीं तें काम अनुभवी डोळ्यांकडे असे. तें गणिताकडे सोंपविण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थानें केला. पहिल्या महायुद्धांत तो फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी हांकीत असे, आणि फुरसतीच्या वेळीं २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचें हवामान हातानें आंकडेमोड करून सोडवीत बसे. लढाईच्या धामधुमींत त्याचें हस्तलिखित हरवलें. तें कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें! उत्तर मात्र असें निघालें, कीं सहा तासांत दाब १४५ मिलिबारांनीं बदलेल. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. १९२२ सालीं रिचर्डसननें आपल्या ग्रंथांत हें चुकलेलें उत्तर न लपवितां छापलें. आपल्याकडे किती ग्रंथकारांनीं असें केलें असतें, हा प्रश्न येथें सोडून देऊं. पुढील संशोधकांनीं तेंच गणित पुनः करून दाखविलें, कीं समीकरणें बरोबर होतीं. दोष आरंभीच्या आंकड्यांत होता. वारा आणि दाब यांचा परस्पर मेळ बसलेला नव्हता, आणि गणितानें ती विसंगति भरमसाट वाढविली.

१९५० सालीं अमेरिकेंत एनिअ‍ॅक या संगणकानें चोवीस तासांचें भाकीत केलें, आणि त्यास वेळही सुमारें चोवीस तासच लागला. यंत्रें झपाट्यानें सुधारलीं, पण रिचर्डसनची अडचण सुटली नाहीं. १९६१ सालीं एडवर्ड लोरेन्झ यानें ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं ०.५०६ घालून तेंच गणित पुनः चालविलें, तों कांहीं काळानें दोन्ही उत्तरांचें नातेंच तुटलें. म्हणूनच १९९२ पासून युरोप व अमेरिका येथील केंद्रें आरंभीच्या आंकड्यांत बारीक फरक करून एकच भाकीत अनेक वेळां सोडवूं लागलीं. उत्तरें एकमेकांजवळ राहिलीं तर भरंवसा अधिक. फांकलीं तर सावधगिरी.

आतां मुख्य मुद्दा. संगणकाच्या या गणिती रचनेस प्रारूप किंवा मॉडेल म्हणतात. निष्णात भाकितकार प्रारूपाचा उद्यांचा नकाशा प्रथम पाहत नाहीं. तो आधीं त्याचा 'आतांचा' नकाशा घेतो व प्रत्यक्ष वेधांशेजारीं ठेवतो. उपसागरांतील कमी दाबाचें केंद्र यंत्रानें जेथें धरलें आहे, तेथेंच तें उपग्रहाच्या चित्रांत आहे काय? नसेल, तर उद्यांची सारी इमारत चुकीच्या पायावर उभी आहे. मग कालची गणना आणि आजची गणना एकच सांगतात काय, दुसऱ्या केंद्राचें प्रारूप काय म्हणतें, हें तो पडताळतो. शेवटीं जाळीचा विचार. प्रारूप पृथ्वीवर चौकोनांचें जाळें टाकून प्रत्येक चौकोनास एकच आंकडा देतें. बारा किलोमीटरांच्या चौकोनांत सह्याद्रीचा कडा बोथट होतो, आणि घाटमाथ्याचा पाऊस देशावर सांडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत घडलेली, २०२५ सालीं वापरांत आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सहा किलोमीटरांची आहे. हें मोठेंच पाऊल होय. तरीही एक ढग त्याहून लहान असूं शकतो.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहींत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरांत, त्याच वेळीं, कुलाब्यास अवघा ७३. शहरांत चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. किनाऱ्यालगत पन्हळीसारखा कमी दाबाचा पट्टा होता, म्हणजे जोराच्या पावसास अनुकूल अशी स्थिति नकाशावर होती. परंतु तेव्हांच्या नित्य वापरांतील बहुतेक प्रारूपांस एवढ्या वृष्टीची चाहूल लागली नाहीं. अशा वेळीं नकाशा वाचणारा मनुष्य यंत्राच्या आंकड्यावर न थांबतां "याहून अधिक होऊं शकेल" असें सांगूं शकतो.

भ्रमणध्वनीवरील आंकडा बहुधा यंत्राचा जसाच्या तसा असतो. वरील पडताळणी त्यास झालेली नसते. वेधशाळेच्या पत्रकास ती झालेली असते, पण त्याचे शब्द आपण नीट वाचत नाहीं. 'तुरळक ठिकाणीं' ही पळवाट नव्हे. त्या विभागांतील शेंकडा २५ पर्यंत ठाण्यांवर पाऊस, असा तिचा नेमका अर्थ आहे. 'कांहीं ठिकाणीं' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणीं' म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढें 'बहुतेक ठिकाणीं'. तेव्हां तुरळक पाऊस सांगितला असतां आपलें अंगण कोरडें राहिलें, तर भाकीत चुकलें असें होत नाहीं. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, 'अतिमुसळधार' ११५.६ पासून. हे चोवीस तास सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या सकाळच्या साडेआठपर्यंत मोजतात, आणि पाऊस मोजणीच्या तारखेस मांडतात. म्हणून सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर खात्याच्या वहींत २७ जुलैच्या नांवावर आढळतात.