स्त्रीबीज न पाहिलेल्या वैद्यांची विद्या

१८२७ साली जगाच्या दोन टोकांना दोन पुस्तकं छापली गेली. एक कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाचं. कुत्रीच्या बीजांडकोशातला पिवळसर ठिपका त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज माणसाला पहिल्यांदा दिसलं. दुसरं पुस्तक चीनमधलं, फू छिंगझू या वैद्याच्या नावावरचं, स्त्रीरोगांविषयी. वैद्यबुवा १६८४मध्येच वारलेले. त्या पुस्तकात मूल न होण्याचे दहा प्रकार आहेत. कुणाचं ओटीपोट बर्फासारखं गार, कुणाचं अंग स्थूल, तर कुणाच्या मनात मत्सर! प्रत्येकीचा काढा वेगळा. स्त्रीबीजाचा मात्र पुस्तकात पत्ताच नाही.

मग हे वैद्य उपचार करत तरी कशावर? बाहेर जे दिसेल त्यावर. पाळी किती दिवसांनी येते, रंग कसा, गाठी पडतात का, जिभेवर साका आहे का, मनगटावरच्या तीन बोटांखाली नाडी कशी लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात स्त्रीचं आयुष्य सातासातांच्या टप्प्यांत मांडलंय. सातव्या वर्षी दात बदलतात, चौदाव्या वर्षी पाळी येते, एकोणपन्नासाव्या वर्षी थांबते. या साऱ्याचं मूळ त्यांनी मूत्रपिंडात धरलं. शरीरशास्त्र म्हणून हे चूकच, पण कालगणना पाहा. आजच्या रजोनिवृत्तीच्या सरासरी वयाच्या ती अगदी जवळ येते.

मला सगळ्यात थक्क करतो तो चौदाव्या शतकातला झू दानशी. स्थूल बाईच्या शरीरात मेद आणि कफ साचून गर्भाशयाची वाट अडते, म्हणून गर्भ राहत नाही, असं त्याचं म्हणणं. वाट अशी काही अडत नाही. पण वाढलेलं वजन आणि हुकणारी पाळी यांची जोडी त्यानं बरोबर हेरली होती. आपण ज्याला सर्रास पीसीओडी आणि डॉक्टर पीसीओएस म्हणतात, त्याचं नीट वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी केलं ते १९३५मध्ये. अशा पाळी लांबलेल्या, वजन वाढलेल्या बाईला चिनी वैद्य आजही ‘कफ आणि ओल’ या सदरात घालतात.

आजच्या चिनी दवाखान्यात जुनं आणि नवं एकाच टेबलावर बसतं. बाई रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान घेऊन आलेखावर ठिपका मांडते. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसनं चढतं आणि पाळीपर्यंत तिथंच राहतं. वैद्य याच पायरीला ‘यिन’चं, म्हणजे गारव्याचं, ‘यांग’ म्हणजे ऊब होणं म्हणतात. आलेख सपाट राहिला की पायरी हुकली. मग औषध महिन्याच्या चालीनं बदलतं: पाळीनंतर रक्त आणि यिन भरून काढणारं, मध्यावर चालना देणारं, पुढे ऊब देणारं. या ऊब देणाऱ्या काढ्यांत ‘तूसझ’ नावाचं अगदी बारीक बी असतं. ते अमरवेलीचं! आपल्याकडे बाभळी-बोरींवर पिवळा दोरा गुंडाळून बसते, तिच्याच चिनी बहिणीचं.

हे सगळं ऐकायला सुरेख आहे, पण गुण येतो का? हा प्रश्न चिनी डॉक्टरांनीच धसाला लावला, याचं मला कौतुक वाटतं. हार्बिनच्या वू श्याओ-के यांच्या पुढाकारानं चीनमधल्या २७ रुग्णालयांत पीसीओएस असलेल्या १,००० स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्या जणींना ओटीपोटावर आणि पायांवर ठरलेल्या बिंदूंत सुया टोचून त्यांतून सौम्य वीज सोडली. बाकीच्यांना भलत्याच जागी, वरवर सुया टोचून नुसतं नाटक केलं. दोन्ही गटांत काहींना क्लोमिफेन ही बीज सुटण्यासाठीची गोळी मिळाली, काहींना तशीच दिसणारी खोटी. २०१७मध्ये निकाल आला. खऱ्या सुयांच्या गटात २१.८ टक्के स्त्रियांना मूल झालं, नाटकी सुयांच्या गटात २२.४ टक्के. गोळीनं मात्र फरक पडला: २८.७ विरुद्ध १५.४ टक्के.

याच मंडळींनी अशाच स्त्रियांवर बर्बेरीनही तपासलं. चिनी ह्वांगल्येन मुळांतलं आणि आपल्या दारुहळदीतलं हे पिवळं, कडू द्रव्य. एकट्या बर्बेरीनवर २२ टक्के, लेट्रोझोल या आधुनिक गोळीवर ३६ टक्के आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ३४ टक्के स्त्रियांना मूल झालं. म्हणजे जोडीनं घेऊनही पदरात जास्त काही पडलं नाही.

तेव्हा जुन्या वैद्यांच्या निरीक्षणाला माझा मनापासून सलाम, उपचाराचा दावा मात्र एकेक तपासूनच घ्यावा. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. संधिवातावर चीनमध्ये दिली जाणारी ‘लेइगोंगथंग’ ही वेल पाळीच बंद पाडू शकते. पाळी हुकत असेल तर आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची तपासणी करून घ्या. काढा किंवा चूर्ण चालू असेल, तर गर्भ राहण्याची वाट न पाहता डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. बर्बेरीन गरोदरपणात चालत नाही.