पुठ्ठ्याची नळी आणि सात कोटी प्रती

जुनं कॅलेंडर भिंतीवरून काढा, त्याची गुंडाळी करा आणि त्यातून एखादी ओळ गुणगुणून बघा. लहानपणी आपण सगळ्यांनीच हा उद्योग केलेला असतो. आवाज कसा येतो? थोडा पोकळ, थोडा दूरचा, शेजारच्या खोलीत बसून कुणी आपलीच नक्कल करतंय असा.

आता १९८२ सालच्या लॉस एंजेलिसला चला. वेस्टलेक स्टुडिओ. भोवती लाखो डॉलरची यंत्रं, आणि त्यांच्या मधोमध मायकल जॅक्सन नावाचा विशीतला पोरगा हातात पाच-सहा फुटी पुठ्ठ्याची नळी धरून तिच्यातून गातोय! 'बिली जीन' या गाण्यात मुख्य आवाजाच्या मागून डोकावणारे काही जादा आवाज असे आलेले आहेत.

ते गाणं ज्या अल्बममधलं, तो 'थ्रिलर'. जगभरात सुमारे सात कोटी प्रती खपल्याचा अंदाज आहे. एवढ्या आकड्याची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, सूटबूटवाले अधिकारी येतात, जाहिरातींचा मारा येतो. तेही सगळं होतंच. पण आत शिरून बघावं तर काय सापडतं? पुठ्ठा, फळकुटं, झिपची खोळ. साध्या मराठीत, जुगाड.

मायकल तेव्हा दुखावलेला होता. १९७९ चा त्याचा 'ऑफ द वॉल' तुफान चालला, पण ग्रॅमी मिळालं फक्त एक. आपल्याला मोजकंच वाढलं गेलं, ही सल त्याच्या मनात राहिली. आता असं काहीतरी करायचं, की दुर्लक्ष करणं कुणाला जमूच नये.

सोबतीला तोच निर्माता होता, क्विन्सी जोन्स. मूळचा जॅझमधला ट्रम्पेटवाला, पॅरिसला नादिया बुलांजेकडे संगीताचे धडे घेतलेला. 'ऑफ द वॉल'च्या आधी रेकॉर्ड कंपनीला शंका होती, की हा जॅझवाला पोरासोरांचं नाचाचं संगीत काय करणार! आता साडेसात लाख डॉलरचं बजेट आणि एप्रिल ते नोव्हेंबर एवढे महिने हाताशी. शेकडो गाणी चाळली गेली, तीसेक ध्वनिमुद्रित झाली, उरली नऊ. नुसतं भरतीला म्हणून त्यात एकही गाणं घ्यायचं नाही, असा पण होता.

आणि ही गाणी मायकल लिहायचा कशी? त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो टेपरेकॉर्डर लावायचा आणि तोंडानेच सगळं वाजवायचा: ढोल, बास, व्हायोलिनचे ताफे, सगळं. तबलजी बोल म्हणून दाखवतात ना, तसंच, पण अख्ख्या वाद्यवृंदाचं. 'बिली जीन'च्या वेळी तर तो डोक्यातल्या सुरावटीत इतका गढला होता, की आपण बसलोय त्या गाडीला खालून आग लागलीय हे त्याला कळलंच नाही. बाजूने जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने ओरडून सांगितलं तेव्हा गाडी थांबली. ही हकिगत त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिली आहे.

'बिली जीन' सुरू होतं ते नुसत्या ड्रमने. धप, टाक, धप, टाक. त्यात काय एवढं? कुठलाही ड्रमवाला वाजवेल. पण दोन-तीन ठोक्यांतच तुम्ही म्हणता, अरे, हे तर ते! हे कसं होतं? माणसाचा चेहरा ओळखावा तसा आपण ठोक्याचा चेहरा कसा काय ओळखतो?

तो चेहरा घडवला ब्रूस स्वीडिन या ध्वनिमुद्रकाने. त्याने ड्रमसाठी खास लाकडी चौथरा बांधून घेतला. मोठ्या ड्रमला उशीला घालतो तसा अभ्रा शिवून घेतला, त्याला झिप लावली आणि त्या फटीतून माइक आत सरकवला. एका वाद्याचा आवाज शेजारच्याच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून मधे फळीचा तुकडा उभा केला. चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये घालतात तसं पार्टिशन! म्हणून तो ठोका इतका कोरडा, इतका सुटा ऐकू येतो. बासवाल्या लुई जॉन्सनला तीन-चार गिटारी बदलून बदलून तीच धून वाजवायला लावली, मग एक पसंत पडली.

आणि गायक? मायकल एका जागी उभा राहून गाणाऱ्यांतला नव्हता. गाताना त्याचे पाय आपटायचे, चुटक्या वाजायच्या, हुंकार निघायचे. दुसऱ्या कुणी त्याला दटावलं असतं. स्वीडिनने उलट त्याच्या पायाखाली लाकडी फळ्या ठेवल्या, म्हणजे ते आवाज नीट यावेत. मायकलला दिवे घालवून, अंधारात गायला आवडायचं. तर अंधारात फळ्यांवर नाचणारा गायक, असं ते दृश्य. 'बिली जीन'चा मुख्य आवाज त्याने एका दमात, एकाच टेकमध्ये गायला.

मग आली मिक्सिंगची पाळी. म्हणजे काय, तर वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र आणून कुणी किती मोठं बोलायचं हे ठरवायचं. आमटी करण्यासारखंच आहे हे. डाळ, चिंच, गूळ, गोडा मसाला सगळं हाताशी असतं, प्रश्न असतो प्रमाणाचा. स्वीडिनने 'बिली जीन'ची आमटी ९१ वेळा केली. एक्क्याण्णव! शेवटी क्विन्सीने सहज विचारलं, जरा सुरुवातीचं एखादं ऐकव बरं. दोन नंबरचं लावलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तबकडीवर गेलं ते दोन नंबरचंच मिक्स.

मग ८९ वेळांची मेहनत वाया गेली का? मला नाही वाटत. दोन नंबरचं सर्वांत चांगलं आहे हे कळायला पुढची ८९ ऐकावीच लागली असणार.

'बीट इट'ची कथा तर याहून अफाट. ती समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी दोन इंच रुंदीच्या टेपवर २४ आवाज शेजारी शेजारी भरता येत, रस्त्याच्या लेनसारखे. स्वीडिनला तेवढे पुरत नसत. मग दोन यंत्रं जोडायची. पण दोन्ही अगदी एका तालात चालली पाहिजेत, नाहीतर गाण्याचा चिवडा. त्यासाठी दोन्ही टेपांवर एकेका लेनमध्ये वेळेचा संकेत भरायचा. ढोल-ताशा पथकात सगळ्यांची नजर झेंड्यावर असते ना, तसा हा झेंडा.

या गाण्यात रॉकची धारदार गिटार हवी होती, म्हणून एडी व्हॅन हेलनला बोलावणं गेलं. तो आला, वाजवून गेला, आणि एक पैसाही घेतला नाही. पण वाजवण्याआधी त्याला गाण्याची मांडणी थोडी बदलावीशी वाटली, म्हणून टेप कापून जोडली गेली. कापली, म्हणजे झेंडाच तुटला! आता हाताशी काय उरलं? मायकलचा आवाज आणि एडीचा तो अलौकिक तुकडा. बाकी वाद्यं दुसऱ्या यंत्रावर, आणि दोघांची पावलं जुळायला तयार नाहीत.

मग 'टोटो' बँडचे दोघे, जेफ पोर्कारो आणि स्टीव्ह लुकाथर, कामाला लागले. आधी ताल, मग त्यावर गाणं, अशी जगाची रीत. यांनी आधी झालेल्या गाण्याखाली ताल सरकवला, कळस जागच्या जागी ठेवून पाया भरला! आधाराला होते ते मायकलने गाताना ड्रमच्या पेटीवर मारलेले ठोके. आणि गंमत म्हणजे अल्बमवरच्या श्रेयनामावलीत मायकलच्या नावापुढे चक्क ड्रमची पेटी बडवल्याची नोंद आहे.

शीर्षकगीताचा लेखक रॉड टेम्परटन. हा इंग्लंडचा. एकेकाळी ग्रिम्सबीत मासे गोठवण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याने या गाण्याला आधी 'स्टारलाइट' असं गोग्गोड नाव दिलं होतं. पुढे एका सकाळी तो जागा झाला तो 'थ्रिलर' हा शब्द तोंडात घेऊनच. विचार करा, तो आणखी तासभर झोपला असता तर?

गाण्याच्या शेवटी भयपटांच्या एखाद्या नटाचं बोलणं घालायचं ठरलं. क्विन्सीच्या बायकोची व्हिन्सेंट प्राइसशी ओळख होती, तो यायला तयार झाला. तो यायची वेळ झाली तरी मजकूर पुरा नव्हता. टेम्परटनने तो स्टुडिओला जाताना टॅक्सीत पूर्ण केला. प्राइसने दोन टेकमध्ये काम संपवलं. लांडग्याच्या ओरडण्यासाठी स्वीडिनने स्वतःचा भलामोठा ग्रेट डेन कुत्रा निवडला होता, पण तो पठ्ठ्या ऐन वेळी तोंडच उघडेना. शेवटी तो लांडगाही मायकलच झाला.

सगळं झालं, मुदत आली, आणि तयार तबकडी ऐकायला मंडळी जमली. आवाज फुसका. पार पचका! मायकल रडला.

का झालं असं? उत्तर तबकडीच्या अंगातच आहे. एक कोडं घालतो: एलपीच्या एका बाजूला खाचा किती असतात? शेकडो? छे, एकच! बाहेरून आत गुंडाळत गेलेली एकच एक खाच. बाजू वीस मिनिटांची असेल तर तबकडीचे साडेसहाशेच्या वर फेरे होतात आणि सुईचा प्रवास भरतो चारशे मीटरच्या पुढे. मैदानाची एक अख्खी फेरी, आणि तीही ताटाएवढ्या जागेत! आता मेख अशी, की खर्जाचा आवाज म्हणजे त्या खाचेचं रुंद, ऐसपैस डोलणं. उसाच्या रानाचं उदाहरण घ्या. रान तेवढंच, सऱ्या रुंद हव्या असतील तर त्या कमी बसणार. जास्त बसवायच्या तर अरुंद कराव्या लागणार. इथे गाण्यांची मिनिटं जास्त झाली होती, म्हणून खाच अरुंद, म्हणून खर्ज मेला. आणि ज्या अल्बमचा जीवच त्या धपधप ठोक्यात, त्याचा खर्ज मेला तर उरलं काय?

म्हणून कात्री चालली. 'द लेडी इन माय लाइफ'चं एक कडवं गेलं. 'बिली जीन'ची लांबलचक सुरुवातही क्विन्सीला आणखी छाटायची होती. मायकल अडून बसला. तीच तर ऐकून मला नाचावंसं वाटतं, म्हणाला. यावर कोण काय बोलणार! सुरुवात वाचली. थोडे दिवस विश्रांती घेऊन मग रोज एक गाणं याप्रमाणे पुन्हा मिक्सिंग झालं. अखेर नऊ गाणी, बेचाळीस मिनिटं आणि थोडे सेकंद.

नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस अल्बम बाजारात आला. अमेरिकेतला रेकॉर्डचा धंदा तेव्हा मंदीत होता. नऊपैकी सात गाणी सुटी निघाली आणि सातही पहिल्या दहांत गेली. एमटीव्ही ही नवी वाहिनी कृष्णवर्णीय कलाकारांना फारशी जवळ करत नव्हती. कंपनीच्या प्रमुखाने दम भरला तेव्हा 'बिली जीन'ला दार उघडलं असं सांगतात. वाहिनीच्या लोकांना मात्र ही गोष्ट मान्य नाही. मग मे १९८३ मध्ये 'मोटाउन' या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात कोट्यवधी अमेरिकनांनी घरबसल्या पाहिलं, की हा मुलगा पुढे चालतोय आणि जातोय मागे!

वर्षअखेरीस शीर्षकगीताचा चौदा मिनिटांचा चित्रपटच निघाला. दिग्दर्शक जॉन लँडिस. कंपनी पैसे द्यायला तयार नव्हती. अल्बम खपायचा तेवढा खपला, आता कशाला? यावर काढलेली युक्ती मला नळीइतकीच आवडते. हा चित्रपट कसा बनला याचाच एक तासाभराचा माहितीपट करायचा, तो वाहिन्यांना विकायचा आणि त्या पैशात चित्रपट करायचा. पदार्थ शिजण्याआधी पाककृती विकून किराणा भरला! चित्रपट झळकला आणि विक्री पुन्हा उसळली. अल्बम अमेरिकेच्या यादीत एकंदर ३७ आठवडे पहिल्या नंबरवर राहिला. फेब्रुवारी १९८४ मध्ये मायकलने एका रात्रीत आठ ग्रॅमी नेली.

आपल्याकडे तो स्वतः आला १ नोव्हेंबर १९९६ ला, अंधेरीच्या क्रीडासंकुलात. अल्बमला तोवर चौदा वर्षं होत आली होती, आणि गर्दीला 'बिली जीन'चा पहिला ठोका पुरे होता.

आता तुम्ही एक करा. चांगले हेडफोन लावून 'बीट इट' ऐका. गिटारचा तो प्रसिद्ध तुकडा सुरू व्हायच्या ऐन आधी दारावर ठोठावल्यासारखा आवाज येतो. कुणी ठोठावलं, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. पण तो आवाज तिथे आहे, आणि कुणीही तो पुसला नाही.