सातबाऱ्यावरची विहीर

जालन्यातल्या भोकरदनकडच्या माझ्या एका मामांच्या सातबाऱ्यावर विहीर आहे. ‘जलसिंचनाचे साधन’ या रकान्यात तसं स्वच्छ लिहिलंय. शेतात गेलं की त्या जागी गुडघाभर खड्डा, माजलेला तरोटा आणि एक फुटकी घागर. “पाणी कागदाला लागलंय,” मामा म्हणतात, “आता प्यायला बैलबी कागदाचाच आणतो.”

जादुई वास्तववाद म्हटलं की आपण मार्केझचं नाव घेतो. शेतकऱ्याला तो दप्तरातच भेटतो. हे नेमकं पकडलं श्याम बेनेगलांच्या ‘वेल डन अब्बा’नं (२००९). सिनेमाला आधार असलेल्या कथांपैकी एक हैदराबादच्या जीलानी बानो यांची, उर्दूतली. १९४८ पर्यंत आमचा जालनाही त्याच निजामी मुलखात होता, त्यामुळे त्या दप्तराचा वास ओळखीचा वाटतो.

मुंबईत ड्रायव्हरकी करणारा अरमान अली (बोमन इराणी) रजेवर गावी येतो आणि सरकारी योजनेतल्या विहिरीच्या मागे लागतो. टेबलाटेबलावर वाटे पडत जातात. शेवटी विहिरीपुरते पैसे उरत नाहीत, पण कागद मात्र पूर्ण होतात. मग तो आणि त्याची लेक पोलिसांत तक्रार देतात: आमची विहीर चोरीला गेली.

इथं उडणारी सतरंजी नाही की बोलणारं झाड नाही. फक्त सरकारी कागदाला खरं मानलंय. विहीर झाली असं कागद म्हणतो, जागेवर ती नाही, म्हणजे कुणीतरी नेलीच असणार! आता साहेबानं एकतर कागद खोटा म्हणावा, नाहीतर चोर शोधावा. लाच देणारा स्वतःही गुंतलेला असतो, त्याला सरळ तक्रार करता येत नाही. ही वाकडी तक्रार त्याला करता येते. त्याआधी मकरंद अनासपुरेंच्या ‘जाऊ तिथे खाऊ’मध्येही (२००७) विहीरचोरी आली होती, जास्त दंग्याची. आमच्याकडे लोकांना तीच पाठ आहे.

इटलीच्या अलीचे रोरवाकर यांच्या ‘हॅपी ॲज लाझारो’ या सिनेमाची (२०१८) गोष्ट उलटी. बटईची पद्धत कायद्यानं बंद झाली, तरी तंबाखूच्या मळ्यातल्या कुळांना मालकिणीनं ते कळूच दिलं नाही. तिथं कागदावरची सुटका माणसांपर्यंत पोचत नाही. भोळा लाझारो कड्यावरून पडतो आणि कित्येक वर्षांनी तसाच्या तसा, तरुण उठतो. तोवर कुळं शहराच्या कडेला, तेवढीच गरीब.

बेनेगलांशी माझं एकच भांडण आहे. त्यांचा झगडा विहिरीपाशी थांबतो, आमचा तिथून सुरू होतो. जालन्याखाली काळा पाषाण. पाणी असलंच तर वरच्या मुरमात, नाहीतर खडकाच्या भेगांत. परसावर परस उतरायचं, सुरुंग लावायचे, आडवं बोअर मारायचं. तरी कोरडी निघते. २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी मोसंबीच्या बागा टँकरनं जगवून पाहिल्या, तरी कित्येक बागा वाळून सरपणाला गेल्या. त्या उन्हाळ्यात खरी विहीर आणि सातबाऱ्यावरची विहीर सारखीच दिसत होती.

यंदा मामांनी पाण्याची जागा सांगणारा पानाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो बांधाबांधानं फिरला. माझा विश्वास नाही, पण मीही मागे चाललो होतो. तरोट्याच्या खड्ड्यापाशी नारळ हळूहळू उभा राहिला.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. “इथं आधीच विहीर हाय की,” ते म्हणाले.